साखरेतून आम्ल, तेही गरम पाण्यात!

पाणी १०० अंशांना उकळते. पण बंद भांड्यात दाब वाढवला, तर ते २५० अंशांनाही द्रवच राहते. अशा पाण्यात ग्लुकोज आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले, की सहा कार्बनची साखळी तुटते आणि फॉर्मिक, ॲसेटिक अशी आम्ले मिळतात. फॉर्मिक आम्ल रबराचा चीक गोठवायला, कातडी कमवायला लागते. आज ते मुख्यतः खनिज इंधनातून आलेल्या मिथेनॉल व कार्बन मोनॉक्साइडपासून बनते.

खरी कसोटी आहे ती वेळेवर थांबण्याची. ऑक्सिजन जास्त झाला, तर शेवटी उरतो फक्त कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. शिवाय गरम, आम्लयुक्त पाणी पोलादही खाते. त्यामुळे भांडी महाग पडतात.

आणि ग्लुकोज आणायचे कुठून? धान्यातून आणले, तर ताटातला घास कारखान्यात जाईल. उसाच्या चिपाडातील सेल्युलोज हीही ग्लुकोजचीच लांब साखळी. आपले साखर कारखाने ते चिपाड बॉयलरमध्ये जाळून वीज करतात. त्यातला काही भाग आम्लांसाठी वापरणे परवडेल का, याचा हिशेब आधी मांडायला हवा. सुरुवात करायची तर चिपाडापासून, धान्यापासून नव्हे.