डबा सर्वांचा, काम कोणाचे?

शहरात राहणाऱ्या माणसांच्या बऱ्याच गोष्टी सामाईक असतात. जिना सामाईक, गच्ची सामाईक, पाण्याचा नळ सामाईक आणि कचऱ्याचा डबाही सामाईक. यांपैकी नळाकडे पाहा. पाणी येण्याची वेळ झाली की प्रत्येक जण आपला हंडा घेऊन पुढे येतो आणि 'नळ आमचाही आहे' असे ठणकावून सांगतो. कचऱ्याच्या डब्याबद्दल मात्र असे कोणी म्हणत नाही. डबा भरून वाहू लागला, त्याचे झाकण हरवले किंवा कुत्र्याने तो आडवा पाडला, की 'डबा काय आमच्या एकट्याचा आहे?' असा प्रश्न कानावर येतो. ज्या वस्तूपासून काही मिळते ती सर्वांची होते आणि जिच्यासाठी काही करावे लागते ती कोणाचीच राहत नाही. अशा कारभाराला मराठीत 'बारभाईची शेती' म्हणतात.

यावर काही लोक एक सोपा उपाय सुचवतात. प्रत्येकाने आपला डबा आपल्या घरात ठेवावा. सामाईक डबा नकोच! जिथे घंटागाडी रोज ठरलेल्या वेळी दारापर्यंत येते, तिथे हा उपाय चांगला आहे. पण मुंबईच्या मदनपुऱ्यातील चाळी पाहा, भिवंडी आणि मालेगावच्या यंत्रमाग वस्त्यांतील अरुंद गल्ल्या पाहा. एका लहानशा खोलीत पाच-सहा माणसे राहतात. स्वयंपाक, झोपणे आणि मुलांचा अभ्यास त्याच खोलीत होतो. काही गल्ल्या इतक्या अरुंद असतात की गाडी आत शिरत नाही. कधी गाडीची घंटा वाजते तेव्हा घराला कुलूप असते, कारण माणसे कामावर गेलेली असतात. अशा ठिकाणी चार घरांनी मिळून झाकणाचा एक मोठा डबा ठेवणे हेच शहाणपणाचे आहे. म्हणून सामाईक डबा असावा, असे माझे मत आहे. मात्र डबा सामाईक असेल तर त्याचे कामही सामाईक असले पाहिजे.

सामाईक डब्याची ही कल्पना जुनी आहे. १८८३ साली फ्रान्स देशातील पॅरिस येथे यूजीन पूबेल या अधिकाऱ्याने एक हुकूम काढला. प्रत्येक घरमालकाने आपल्या इमारतीतील भाडेकरूंसाठी कचऱ्याचा झाकणाचा डबा ठेवावा, असा तो हुकूम होता. त्यापूर्वी लोक कचरा सरळ रस्त्यावर टाकत असत. सुरुवातीला या हुकमावर पुष्कळ कुरकुर झाली. पुढे डबा लोकांच्या इतका अंगवळणी पडला की आजही फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला 'पूबेल' असेच म्हणतात. हुकमाने डबा येतो, हे यावरून दिसते. पण तो डबा रोज स्वच्छ ठेवायचा तर शेजाऱ्यांनीच एकत्र बसून काही गोष्टी ठरवाव्या लागतात.

त्यांतील पहिली गोष्ट म्हणजे डब्याची जागा. तुमच्या इमारतीतला किंवा गल्लीतला डबा आठवा. तो कोणाच्या खिडकीखाली आहे? पुष्कळदा तो अशा घरापुढे असतो, ज्या घरातील माणसे भांडू शकत नाहीत. तिथे एखादी एकटी म्हातारी राहते, किंवा नुकतेच आलेले एखादे भाडेकरू कुटुंब राहते. सर्वांच्या घरातली घाण त्यांच्या दारात जमा होते. दुर्गंधीमुळे त्यांना खिडकी बंद ठेवावी लागते. पाहुणा आला तर त्यांनाच संकोच वाटतो.

उर्दूत आपण शेजाऱ्याला 'हमसाया' म्हणतो. एकाच सावलीत राहणारा तो हमसाया. मराठीत 'शेजारधर्म' असा सुंदर शब्द आहे. ज्याच्याबरोबर आपण सावली वाटून घेतो, त्याच्या वाट्याला आपला कचरा तेवढा द्यावा, हा कोणता शेजारधर्म? म्हणून डबा सर्वांच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर, पण कोणाच्याही दाराखिडकीपासून शक्य तितका दूर ठेवावा. दुसरी जागाच नसेल तर दर महिन्याला जागा बदलावी. तेही शक्य नसेल, तर ज्या घरापुढे डबा आहे त्या घराला डबा धुण्याच्या कामातून सूट द्यावी.

डब्याच्या घाणीचा त्रास त्या एका घरापुरताच राहील, असेही समजू नका. उष्ण हवेत माशीच्या अंड्यापासून नवी माशी तयार होण्यास साधारणपणे आठ-दहा दिवस पुरतात. डब्याच्या तळाशी चिकटलेला ओला कचरा तेवढे दिवस तसाच राहिला, की माश्यांची फौज तयार! ती मग कोणत्याही मजल्यावरच्या ताटावर बसते. उघड्या कचऱ्यावर उंदीर येतात आणि त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप पसरतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर पाण्यात बुडाले. पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी गटारे तुंबली होती, हे पाणी न ओसरण्याचे एक कारण होते. त्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली. साथ येते तेव्हा ती डबा कोणाचा हे विचारत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कामाची पाळी. चार घरांचा डबा असेल तर प्रत्येक घराकडे एक आठवडा द्यावा. त्या आठवड्यात त्या घराने डबा वेळेवर रिकामा होतो की नाही हे पाहावे, तो धुवावा, उन्हात वाळवावा आणि झाकण जागेवर आहे ना, याकडे लक्ष द्यावे. पाळीचा कागद जिन्याजवळ लावावा. रमजानच्या महिन्यात कलिंगडाच्या आणि केळ्यांच्या साली जास्त निघतात. तेव्हा डबा रोज रिकामा करावा. आणि मुलांनो, हे काम आई-बहिणीचेच आहे असे समजू नका. कचरा करताना मुलगा-मुलगी असा भेद नसतो, मग तो उचलताना कशाला हवा?

तिसरी गोष्ट म्हणजे कचरा वेगळा करणे. २०१६ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांत ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करावा, असे सांगितले होते. म्हणजे एकाऐवजी निदान दोन सामाईक डबे हवेत. भाजीची देठे आणि शिळे अन्न एका डब्यात. कागद, पत्रा आणि प्लॅस्टिक दुसऱ्यात. फुटलेली काच, ब्लेड आणि सुया जाड कागदात गुंडाळून, वर खूण करून वेगळ्या द्याव्यात. कारण आपण टाकलेल्या कचऱ्यात शेवटी कोणाचा तरी हात जातो. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभारली. पुढे २००८ साली त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. या कामात स्त्रियांची संख्या मोठी आहे. आपल्या निष्काळजीपणामुळे त्यांचा हात कापला, तर एक दिवसाची मजुरीही जाते.

कोणी म्हणेल, 'आम्ही कर भरतो. हे सारे महापालिकेने करावे.' महापालिकेने रोज कचरा उचललाच पाहिजे, यात शंका नाही. ती उचलत नसेल तर तक्रार करण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. एकट्याच्या अर्जापेक्षा चार घरांच्या सह्यांच्या अर्जाला अधिक वजन असते. तुम्ही शाळेत मराठीतून अर्ज लिहायला शिकता. ही विद्या अशा वेळी उपयोगी पडते. घरच्या वडीलधाऱ्यांना सांगा की अर्ज आम्ही लिहितो, सह्या तुम्ही करा. पण झाकण लावण्यासाठी महापालिकेचा माणूस दिवसातून दहा वेळा येऊ शकत नाही. ते काम कचरा टाकणाऱ्याचेच आहे.

एखादे घर पाळी चुकवील, एखादा शेजारी वरच्या मजल्यावरून पिशवी फेकील. तेव्हा ती पिशवी उचलून त्याच्या दारात ठेवू नका. त्यातून भांडण वाढते, कचरा मात्र तिथेच राहतो. घरातील मोठ्या माणसांना बरोबर घेऊन त्याच्याशी शांतपणे बोला. आपले घर आपली पाळी नेमाने पाळत असेल, तर आपल्या शब्दाला किंमत येते.

तेव्हा मित्रांनो, आज शाळा सुटल्यावर एक काम करा. आपला डबा कोणाच्या खिडकीखाली आहे ते पाहा, आणि त्या घरातील माणसांना एकदा विचारा, 'तुम्हाला याचा त्रास होतो का?' त्यांचे उत्तर घरी येऊन सर्वांना सांगा. पाळीचा कागद तयार करताना आधी ते उत्तर लक्षात घ्या, आणि पहिल्या आठवड्यापुढे आपल्या घराचे नाव लिहा.