माझी डबी

दर आठवड्याला या सदरात मी दुसऱ्यांच्या खोड्या काढतो. पण दिवाळी म्हणजे घरातली अडगळ बाहेर काढायचे दिवस. तेव्हा आज माझीच एक अडगळ दाखवतो. तंबाखूची डबी. पत्र्याची, दोन तोंडांची. एकीकडे पत्ती, दुसरीकडे चुना. बावीस वर्षे ती माझ्या खिशात होती.

एम.ए.च्या अभ्यासाची जागरणे हे पहिले निमित्त. पुढे वाशिमला प्राध्यापक झालो. आधी पेपर लिहिण्यासाठी लागायची, ती आता पेपर तपासण्यासाठी लागू लागली!

यात जगावेगळे काही नाही. 2016-17च्या पाहणीत देशातल्या प्रौढांपैकी 21.4 टक्के लोक न ओढता तंबाखू सेवन करणारे निघाले. पण आमचे घर नाझरीन मंडळीतले. डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी 1938 साली वाशिमला रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय सुरू केले, त्याच मिशनची ही मंडळी. दारूबरोबर तंबाखूही तिथे वर्ज्य. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी विडी टाकली, असे घरात कौतुकाने सांगत. नातू मात्र रविवारी उपासनेआधी लवंग चघळत असे. पत्नीला सगळे ठाऊक होते. वाण्याच्या यादीत लवंगा तिने कधी कमी लिहिल्या नाहीत, एवढेच.

तीन वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर रिसोडच्या वाटेवरच्या एका खेड्यात होते. व्यसनमुक्तीवर भाषण माझे. टाळ्या पडल्या. मी शाळेमागे जाऊन डबी काढली, तो लिंबाखाली बसलेला एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, लय चांगलं बोलले. आता मलेही चिमूटभर द्या."

मी दिली. दोघांनी सोबतच मळली. त्याला त्यात काहीच वावगे वाटले नाही, आणि नेमके तेच मला झोंबले.

त्या रात्री पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सातवा अध्याय काढला. जे करावेसे वाटते ते होत नाही, ज्याचा तिटकारा तेच हातून घडते, ही पौलाची तक्रार. तुकोबांनीही आपले दोष असेच उघड्यावर मांडले. वर्गात हे सारे मी किती रंगवून शिकवत आलो होतो!

पुढच्या रविवारी साक्ष देण्याची वेळ आली तेव्हा उभा राहिलो आणि सांगून टाकले. मंडळीत शांतता. एका बाईंनी गप्प बसलेल्या मुलाला उगाच दटावले. बाहेर पडताना एक निवृत्त कंपाउंडर काका जवळ आले. म्हणाले, "मला सोडून बारा वर्षं झाली. उद्या सकाळी सहाला फिरायला ये."

1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी दोन दारुडे असेच एकमेकांना भेटले आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' उभी राहिली. दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत वावरलेले. आपला दोष दुसऱ्याजवळ कबूल करणे ही तिथली रीत. काकांनी यातले काही वाचले नव्हते.

त्यांची प्रार्थना आखूड असे. "प्रभू, याला दुपारच्या जेवणापर्यंत सांभाळ." जेवणानंतरची पाच-दहा मिनिटे खरी कठीण, हे त्यांना अनुभवाने माहीत होते, तेवढ्यासाठी मला स्वतंत्र प्रार्थना नेमून दिली होती. तलफ ओसरेपर्यंत मी ती म्हणत बसे. डॉक्टरांनी निकोटिनचा च्युइंगमही दिला होता. विश्वासात हे बसते का, असे मी भीत भीत विचारले. काका म्हणाले, "मी चाळीस वर्षं औषधंच बांधून दिली रे!"

चौथ्या आठवड्यात पेपरांच्या गठ्ठ्यासमोर घसरलो. रात्रभर वाटत होते, उद्या फिरायला जाऊच नये. गेलो. सांगितले. काका बरेच अंतर मुकाट चालले. मग म्हणाले, "मी तीनदा घसरलो होतो. हे मंडळीत कुणाला सांगितलेलं नाही." आणि प्रार्थना त्या दिवशी त्यांनी मला करायला लावली, दोघांसाठी.

यंदाचे शिबिर पुन्हा त्याच खेड्यात झाले. म्हातारा लिंबाखालीच होता. त्याने हात पुढे केला.

"सोडली, बाबा."

त्याने मला खालून वर न्याहाळले. "मंग आता भाषण कायच्यावर देता?"