हिवाळ्यातला व्यायाम आणि बीडची अंधारी पहाट

१९ जानेवारी २०२५ च्या पहाटे बीड-परळी मार्गावर घोडका राजुरी येथे एसटी बसच्या धडकेत तीन तरुणांचा मृत्यू झाला. तिघेही पोलीस भरतीची तयारी करत होते आणि नेहमीप्रमाणे रस्त्यावर व्यायामासाठी आले होते. थंडीतही सराव न सोडणारी ही मुले होती. हिवाळा आला की ‘आळस झटका, पांघरूण फेका, व्यायामाला लागा’ असे सल्ले सुरू होतात. घोडका राजुरीच्या मुलांनी ते सगळे पाळले होते. त्यामुळे थंडीत व्यायाम टिकवण्याचा प्रश्न निव्वळ निश्चयाचा आहे का, हे तपासून पाहायला हवे.

हा प्रश्न दर हिवाळ्यात नव्याने उभा राहतो. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पोलीस दलातील सुमारे १५ हजार पदांच्या भरतीला मान्यता दिली. भरतीतील मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. नोकरीच्या संधी मोजक्या असलेल्या बीड जिल्ह्यात या गुणांसाठी गावोगावची मुले-मुली पहाटे रस्त्यावर उतरतात. त्याच रस्त्यावर मधुमेह, रक्तदाबासाठी चालणारी ज्येष्ठ मंडळीही असतात.

सूर्य नेमका कधी उगवतो?

२२ डिसेंबरच्या सुमारास सर्वांत लहान दिवस झाला की पहाट लवकर उजाडू लागते, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात पृथ्वीच्या अक्षाचा कल आणि तिची लंबवर्तुळाकार कक्षा यांमुळे आपल्या अक्षांशावर सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. बीडमध्ये जूनच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीच्या मध्यात मात्र सात वाजून जातात. म्हणजे जवळजवळ सव्वा तासाचा फरक पडतो. उजेड फुटायलाही साडेसहा उलटून जातात.

घड्याळ मात्र तेच राहते. उन्हाळ्यात साडेपाचला निघणारा माणूस फटफटताना निघतो. तोच जानेवारीत साडेपाचला निघाला तर त्याचा सगळा व्यायाम अंधारात होतो. गडद रंगाचा स्वेटर, डोक्याला मफलर, कानात इअरफोन आणि पाठीमागून येणारे वाहन. एका अपघाताचे कारण ठरवणे हे तपास यंत्रणेचे काम आहे. पण वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय नेमका याच आठवड्यांत होतो आणि तरीही सरावाची वेळ कुणी बदलत नाही, ही गोष्ट प्रत्येक गावात दिसते.

थंडीत शरीरात काय होते?

गारठ्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. शरीरातली उष्णता टिकावी म्हणून ही सोय असते, पण त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि हृदयावरचा ताणही वाढतो. मुळात पहाटे उठल्यानंतर रक्तदाब चढतच असतो. म्हणून हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी अंथरुणातून उठून थेट गार हवेत भरभर चालू लागणे धोक्याचे ठरू शकते. आधी घरातच दहा मिनिटे सांधे मोकळे करणे, जागच्या जागी चालणे आणि मग बाहेर पडणे योग्य. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप वाटली तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा.

थंड, कोरडी हवा दम्याच्या रुग्णांच्या श्वासनलिका आकसवते. त्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत साचून राहते. शेकोट्यांचा, पेटवलेल्या कचऱ्याचा धूर वर न जाता खालीच रेंगाळतो. ऊन चढू लागले की ही हवा मोकळी होते. तहान कमी लागत असली तरी घाम आणि श्वासावाटे पाणी जातच असते, त्यामुळे पाणी पिणे चुकवू नये.

उशिरा निघण्याच्या बाजूने इतकी कारणे आहेत. आणि बीडला ते परवडण्यासारखे आहे. युरोपातल्यासारखे इथे दिवसभर गोठणारे वातावरण नसते. जानेवारीतही दुपारचा पारा बहुधा तिशीच्या आसपास जातो आणि सूर्य सहानंतर मावळतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा भर उन्हात व्यायाम अशक्य होतो. मराठवाड्यात व्यायामाला सर्वांत सोयीचा ऋतू हिवाळाच आहे. अडचण आहे ती पहिल्या अंधाऱ्या तासाची.

मग व्यायाम सुटतो कशामुळे?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता. एखादी गोष्ट आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. काहींना १८ दिवस पुरले, काहींसाठी हा कालावधी २५४ दिवसांपर्यंत गेला. ठरावीक प्रसंगाला जोडलेली कृती सवयीची होत गेली आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. दिवाळीनंतर सुरू केलेला व्यायाम संक्रांतीपर्यंत टिकवला तर तो अंगवळणी पडण्याची बरीच शक्यता असते, असा याचा सोपा अर्थ.

आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज काही किलोमीटर चालत, धावत जात. गाडीची सोय नव्हती, त्यामुळे धावणे हा दिनक्रमच होता. पुढे सैन्यात सियाचीनचा बर्फ आणि राजस्थानचे वाळवंट अनुभवून त्यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. प्रत्येकाला पदक मिळवायचे नसते. पण व्यायाम रोजच्या एखाद्या कामाला बांधला की तो टिकतो, हे या प्रवासातून घेण्यासारखे आहे. मुलाला शाळेत सोडून येताना चालणे, दुकान उघडण्याआधीचा अर्धा तास किंवा ऑफिसातून परतताना मैदानाला चार फेऱ्या, असे काहीही चालते.

दिवसभर राबणाऱ्यांचे काय?

याच महिन्यांत जिल्ह्यातील लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली असतात. पहाटेच्या गारठ्यात फडात उतरून कोयता चालवणाऱ्या आणि डोक्यावर मोळी वाहणाऱ्या जोडप्याला व्यायामाचा उपदेश करणे निरर्थक आहे. दीर्घकाळ चालणारे, विश्रांती नसलेले अंगमेहनतीचे काम आणि मोकळ्या वेळेतला व्यायाम यांचा हृदयावरील परिणाम सारखा नसतो, असे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. या कुटुंबांची गरज झोप, सकस आहार आणि उपचारांची आहे.

उरलेल्यांचे चित्र वेगळे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतातील जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी आहे. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के. स्त्रियांच्या बाबतीत घरकामानंतर वेळ उरत नाही आणि उरला तर अंधारात एकटीने बाहेर पडणे सोपे नसते.

काय बदलता येईल?

संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम, म्हणजे भरभर चालणे, आणि किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम करावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वेळ बदलून सकाळी सव्वासात ते आठ किंवा संध्याकाळी पाच ते सहा केली तर हे गणित जमते. फारच गारठा असेल त्या दिवशी घरातच सूर्यनमस्कार, बैठका, जोर पुरतात. सराव पूर्ण थांबला तर दोन ते चार आठवड्यांत दम घटू लागतो. आठवड्यातून दोनदा जोमाने व्यायाम झाला तरी कमावलेले बरेचसे टिकते. रस्त्यावरच चालावे लागले तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने, फिकट किंवा चमकणाऱ्या पट्ट्यांचे कपडे घालून, इअरफोन न लावता आणि एका रांगेत चालावे.

भरतीची तयारी करणाऱ्यांना मात्र एवढे पुरत नाही. सकाळी कॉलेज किंवा मजुरी असलेल्या मुलाला पहाटेचीच वेळ मोकळी असते. त्याला रस्त्यावरून हलवायचे तर मैदान हवे. तालुका पातळीवर क्रीडा संकुले उभारण्याचे राज्याचे धोरण जुने आहे, पण अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात खेड्यातल्या मुलाला पहाटे तालुक्याला पोहोचणे शक्य नाही. जवळची जागा म्हणजे गावातल्या शाळेचे मैदान. हिवाळ्याचे चार महिने ते पहाटे खुले ठेवणे, कडेने धावपट्टी आखणे आणि दोन दिवे लावणे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले आहे. ज्या महामार्गावर मुले धावतात तिथे पहाटे वेगावर नियंत्रण ठेवण्याचे काम पोलीस आणि बांधकाम विभागाचे.

पुढच्या जानेवारीतही बीडमध्ये सूर्य सातनंतरच उगवेल आणि मुलेही धावायला बाहेर पडतील. ती डांबरी रस्त्यावर धावणार की दिव्याखालच्या मैदानावर, हे गावाला दिवाळीपूर्वीच ठरवता येईल.