काचेची नळी आणि २० मिनिटे
भातलावणीत ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या बांधावर कुणाला घोणस किंवा फुरसे चावले, की प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी शोधावी लागते साधी काचेची नळी. कोरड्या, स्वच्छ नळीत थोडे रक्त घ्यायचे, २० मिनिटे हलवायचे नाही, मग नळी तिरकी करून बघायची; रक्त गोठले नसेल तर प्रतिविष ताबडतोब सुरू. याला यंत्र लागत नाही, माणसे लागतात: चावलेला पाय हलू न देता रुग्णाला पाड्यावरून निघायला लावणारी आशाताई, रात्री हजर असलेला रुग्णवाहिकेचा चालक, सलाइन लावणारी सिस्टर, प्रतिविषाची रिअ‍ॅक्शन आली तर सावरून घेणारा डॉक्टर. एकट्या डॉक्टरची जागा भरून हे भागत नाही, आणि हे मी पुन्हा पुन्हा लिहिणार आहे. साप चावण्यापलीकडेही तेच: आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष. पण दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबातली गरोदर बाई कोणत्या उपकेंद्राची? तिच्या लोहाच्या गोळ्या, बाळाची लस भट्टीवर पोचवायला फिरते पथक हवे, त्याला गाडी आणि डिझेल हवे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ, त्यातला किमान दोन तृतीयांश प्राथमिक सेवेला देऊ, असे लिहून ठेवले. तो वाटा शहापूर-मुरबाडमधल्या डोळखांब, किन्हवली, टोकावड्यापर्यंत यावा. आशांचा मोबदला महिन्याच्या महिन्याला मिळावा आणि रिकामी पदे पावसाळ्याआधी भरावीत.