मंडळीवाचून ख्रिस्त?

‘ख्रिस्त आम्हांस पूज्य आहे, मंडळीचे लोढणे कशास?’ असा प्रश्न करणारे सुशिक्षित ख्रिस्ती नगर जिल्ह्यात आढळतात, आणि आधारास रेव्हरंड ना. वा. टिळकांचे नाव पुढे करतात. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, हे खरे. परंतु ती सोडून ते एकांतात जाऊन बसले काय? त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला व बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली. त्यांनी वेतन टाकिले, बंधुसंगती नव्हे.

नगरची पहिली मंडळी १८३३ सालची. ज्या काळी ब्राह्मणाचा व महाराचा पाणवठा वेगळा होता, त्या काळी तेथे दोघे एकाच प्रभुभोजनास बसले. घरी एकट्याने ‘सर्व माणसे समान’ म्हणण्यास कवडीही पडत नाही. आपण न निवडलेला मनुष्य शेजारी येऊन बसला म्हणजे त्या वचनाची कसोटी लागते. मंडळीत कलह आहेत, जातीचा दर्पही पुरता गेलेला नाही. म्हणूनच तेथे राहून झगडले पाहिजे. वारकरीदेखील दिंडीबरोबर चालतो. ज्यास शेजारी नको, त्यास ख्रिस्त हवा आहे, हे आम्हांस पटत नाही.