आजोबांची माळ आणि हेपॅरिन

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अकोल्यात कोरोनाची दुसरी लाट आली. अकोल्याच्या एका दवाखान्यात माझ्या माळकरी आजोबांना, रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून, हेपॅरिनची इंजेक्शने दिली. ते बरे झाले. पुढे माझ्या वाचनात आले की, हे औषध डुकराच्या आतड्यांपासून काढतात. आजोबांना ते कुणी सांगितले नव्हते. मीही अद्याप सांगितलेले नाही.

प्रश्न माळेइतकाच पुरवठ्याचाही आहे. हेपॅरिनचा कच्चा माल मुख्यतः चीनमधून येतो. तो महागला म्हणून २०२० मध्ये आपल्या सरकारला या औषधाची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवू द्यावी लागली.

इन्शुलिनही पूर्वी गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत; १९८२ पासून जनुक बदललेल्या जंतूंकडून बनविलेले इन्शुलिन मिळू लागले. आता काही शास्त्रज्ञ मानवी पेशींच्या जनुकांत बदल करून हेपॅरिन बनवू पाहत आहेत. आपल्या विद्यापीठांनीही हे संशोधन हाती घ्यावे, असे मला वाटते.

तोवर निदान रुग्णाला त्याच्या बोलीत खरे सांगावे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. ते आपणा कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही जमेल. या सुटीत मी आजोबांना सांगणार आहे.