आई शेतातून परतेपर्यंत

खेड्यातल्या प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीच्या वर्गात दाराशी एखादी मुलगी बसलेली असते. मांडीवर वर्ष-दीड वर्षाचे भावंड. ते रडू लागले की ती त्याला कडेवर घेऊन व्हरांड्यात जाते, थोपटते आणि परत येते तोवर फळ्यावरचे गणित पुसलेले असते. भातलावणी किंवा कापूसवेचणी सुरू झाली की ती येतच नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी लागते. प्रत्यक्षात ती घरी मूल सांभाळत असते.

हे कोडे ऐंशी वर्षांपूर्वी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ओळखले होते. १९४५मध्ये त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. धाकटे पाळणाघरात, मधले बालवाडीत, म्हणून थोरली बहीण मोकळ्या हातांनी वर्गात. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी तर शाळा कुरणात भरली. कुटुंबाचा दिवस कसा जातो हे आधी पाहायचे आणि मग केंद्राची वेळ ठरवायची, ही त्या दोघींची रीत होती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले, पण पाळणाघर मागेच राहिले. आज तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत बसतात, गरम खाऊ खातात आणि दुपारी घरी जातात. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांसाठी घरी न्यायचा आहार मिळतो. पाकीट घरी जाते, पण भरवणारे माणूस जात नाही. आई सकाळी मजुरीला गेलेली, आजी थकलेली. एवढ्याशा पोटाला दिवसातून चार-पाच वेळा मऊ अन्न लागते, तिथे त्याच्या हाती सकाळच्या भाकरीचा तुकडा येतो. बाळ वाळते ते याच वयात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे झोप उडवणारे आहेत. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील कृश मुलांचे प्रमाण २०१५-१६मध्ये २५.६ टक्के होते. २०१९-२१च्या फेरीतही ते २५.६ टक्केच निघाले. कमी वजनाची मुले ३६ टक्क्यांच्या आसपास तिथेच. पूरक आहारासाठी केंद्राने २०१७मध्ये मुलामागे दिवसाला ८ रुपये दर ठरवला. त्यातून एक अंडे घेतले तर डाळ-तेलाला काय उरते, हे कोणत्याही किराणा दुकानदाराला विचारावे.

उपाय हवेतला नाही. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीच्या जनस्वास्थ्य सहयोग या संस्थेने जंगलातल्या गावांत ‘फुलवारी’ सुरू केल्या. गावातलीच बाई सहा महिने ते तीन वर्षांची मुले दिवसभर सांभाळते आणि ठरल्या वेळी भरवते. आई निर्धास्त कामाला जाते, बहीण शाळेत. केंद्र सरकारची अंगणवाडीला जोडलेल्या पाळणाघरांची ‘पाळणा’ योजनाही आहे. महाराष्ट्राने ती आधी पालघर, नंदुरबार आणि मेळघाटच्या पाड्यांवर न्यावी.

मात्र हे ओझे आहे त्याच अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर टाकू नये. वजन-उंची घेणे, मोबाइलमध्ये नोंदी भरणे, लसीकरणाला आयांना बोलावून आणणे, गृहभेटी यांतच तिचा दिवस संपतो. मानधनवाढ आणि पेन्शनसाठी राज्यातल्या सेविका-मदतनिसांना डिसेंबर २०२३पासून ५२ दिवस संपावर बसावे लागले. ग्रॅच्युइटीचा हक्कही २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून मिळवावा लागला. पाळणाघराला वेगळी बाई हवी आणि तिला महिन्याच्या महिन्याला पुरेसा पगार हवा.

ऊसतोड कुटुंबांची गोष्ट आणखी बिकट. दिवाळी झाली की बीडमधले ‘कोयते’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आगाऊ घेतलेली उचल फेडायला साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. बाळाचे नाव गावच्या अंगणवाडीत आणि बाळ मात्र शेकडो किलोमीटरवर, उसाच्या फडाच्या कडेला, पाचटावर अंथरलेल्या गोधडीत. कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, परतायला आईला अंधार होतो. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचा निर्णय झालेला आहे. त्यातला पहिला खर्च कारखान्याच्या तळावरील पाळणाघरांवर व्हायला हवा.

ग्रामपंचायतींनाही हात झटकता येणार नाहीत. स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करणे त्यांना बंधनकारक आहे. तो पैसा वर्षअखेरीस खुर्च्या-सतरंज्यांवर उडवण्याऐवजी पाळणाघराच्या दूध-अंड्यांना लागावा. पालघरमध्ये पाऊस स्थिरावला की बाया लावणीसाठी उजाडताच चिखलात उतरतात. त्या पाड्यांवरची पाळणाघरे मंजूर होऊन, बाई नेमून, पाळणे टांगून जूनच्या आत तयार हवीत.